मयताच्या वतीने

८ जून २०२५

चि. दिपाली,

हात सवयीने 'सौ.' लिहायला गेला होता, आवरला. 'श्रीमती' लिहायला जीव होत नाही. तेव्हा नुसतं चि. दिपाली. आशीर्वाद आहेतच.

तुझा मेसेज पोचला. अमृत गेल्यानंतरच्या दीड वर्षातला हा पहिलाच. फोनही दोनदा केलास, मी उचलला नाही याचा राग धरू नकोस. मळ्यात रेंजचं काही खरं नसतं. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो पाठवतोय. हातात पेन असलं की मला सुचतं, हेही आहेच.

मी सगळं तीनदा वाचलं. मला समजलं ते असं. ज्या माणसाने दुकानाच्या पार्किंगमध्ये अमृतला गोळी घातली, त्याने गुन्हा कबूल केलाय. आता फक्त शिक्षा किती, ते ठरायचं आहे. तुमच्या अमेरिकेत शिक्षा ठरवण्याआधी जज मयताच्या घरच्यांचं म्हणणं ऐकून घेतो. तुला तिथं उभं राहून बोलवणार नाही, म्हणून तुझ्या वकीलबाईने सुचवलं की अमृतनेच बोलावं. त्याचा फोटो, त्याचा आवाज, कॉम्प्युटरने हलवलेले ओठ, आणि शब्द तू लिहिलेले. तिकडच्या एका कोर्टात असं आधी झालंय म्हणे, आणि जजने चालवून घेतलं. त्यासाठी अमृतच्या स्वच्छ आवाजाची अर्ध्या तासाची रेकॉर्डिंग हवीत. त्याचा फोन त्या दिवशी फुटला. तुझ्याकडे लग्नाच्या बँडखाली दबलेला आवाज तेवढा आहे. आणि 'दादांकडे जुने व्हॉइस मेसेज असतीलच.'

खेड्यातला माणूस हे वाचून घाबरेल असं तुला वाटलं असणार. मी नाही घाबरलो. नागापूरच्या वर्कशॉपमध्ये मी जळालेल्या पाण्याच्या मोटारींना नवी तार भरतो ते पोटासाठी. पंचक्रोशीत मला ओळखतात ते दहाव्याच्या माईकमुळे. श्रद्धांजलीला कोणाला बोलवायचं, सरपंचाला किती बोलू द्यायचं, पाव्हण्यांना आवरायचं कसं, हे सगळं माझ्याकडे. आणि पिंडाला कावळा शिवेना की सगळे माझ्याकडे बघतात. मग मी माईक ठेवतो, हात जोडतो आणि मयताच्या मनातलं बोलतो. 'धाकटीचं लग्न आम्ही लावू.' 'म्हातारीला अंतर देणार नाही.' बहुतेक वेळा कावळा येतो. मेलेल्याच्या वतीने जिवंताने बोलायचं ही आमच्याकडची रोजची गोष्ट आहे. तुमच्या कोर्टाला ती आता सुचली.

रेकॉर्डिंग शोधतो. असतीलच.

गोरक्षनाथ


२२ जून २०२५

चि. दिपाली,

तुझा मेसेज पुन्हा आला म्हणून लिहितो. रेकॉर्डिंग मिळाली नाहीत असं नाही. जुना फोन नगरला दुरुस्तीला दिलाय. तो दुकानदार उद्या-उद्या करतो.

तू विचारलंस, अमृत त्या संध्याकाळी गाडीत बसून कोणाला फोन लावत होता. साक्षीदार म्हणतो की सामान मागे ठेवून तो वीस मिनिटं फोन कानाला लावून बसला होता, आणि मागचा माणूस ती जागा रिकामी व्हायची वाट बघत हॉर्न वाजवत होता. गाडी लगेच काढली असती तर भांडणच झालं नसतं, हे तुझं म्हणणं बरोबर आहे. कोणाला फोन, ते मला माहीत नाही. ऑफिसातलं कोणी असेल.

आपल्यात जे झालं ते मी विसरलेलो नाही. २०२१ साली वडील गेले आणि तो आला नाही. म्हणाला, 'दादा, आत्ता निघालो तर व्हिसाचा शिक्का मिळेपर्यंत तिकडेच अडकेन, दिपाली इथं एकटी पडेल, समजून घे.' मी समजून घेतलं नाही. 'आम्हाला तू मेलास,' असं मी म्हणालो, आणि तू ते स्पीकरवर ऐकलंस. त्यानंतर तू आमच्याशी बोलणं टाकलंस यात तुझी काहीच चूक नाही. तो आईशी बोलायचा तेही शेजारच्या साळूबाईच्या फोनवर. मला त्या बोलण्याची लाज वाटते. तोंडाने सांगता आलं नसतं, कागदावर येतंय.

आईला व्हिडिओचं सांगितलं. म्हणाली, "त्यो बोलंल व्हय माझ्यासंगं?"

मी म्हणालो, कोर्टाशी बोलेल.

"मंग कोर्टाला सांग, मला बी ऐकू द्या म्हनावं."

गोरक्षनाथ


६ जुलै २०२५

चि. दिपाली,

मागच्या आठवड्यात पाठवलेली बावीस रेकॉर्डिंग तुला मिळाली, हे समजलं. सगळी मिळून अडतीस मिनिटं होतात. 'आई, गोळ्या घेतेस ना', 'विहिरीला पाणी किती आहे', 'इकडची भाकरी म्हणजे नुसता पुठ्ठा', असलं साधंच बोलणं आहे. फाइलींवर जुन्या तारखा दिसणार नाहीत. दुकानदाराने काढताना त्या पुसल्या गेल्या. आवाज थोडा जड वाटेल, त्याला सर्दी असायची.

तू दोन ऐकलीस आणि पुढची ऐकवेनात, तशीच वकीलबाईंकडे दिलीस. बरं केलंस. सगळी ऐकायची काही गरज नाही.

कमी पडली तर कळव. अजून देता येतील.

गोरक्षनाथ


१७ ऑगस्ट २०२५

चि. दिपाली,

पंधरा वर्षं. सरकारी वकिलाने मागितली बारा आणि जजने दिली पंधरा. 'आज मला तो माणूस भेटला,' असं जज म्हणाला, हे तू लिहिलंस ते मी आईला दोनदा वाचून दाखवलं.

व्हिडिओ मी वर्कशॉपच्या स्टोअरमध्ये बसून बघितला. अमृत निळ्या शर्टात. मान हलते, पापण्या लवतात, डाव्या गालावर खळीसुद्धा पडते. पण तो घोट गिळत नाही. साडेचार मिनिटं बोलणारा माणूस एकदाही घोट गिळत नाही. इतकी वर्षं माईक धरलाय, मला ते पहिल्या मिनिटात जाणवलं. आणि त्याने इंग्रजीत तोंड उघडल्यावर मी उठून उभाच राहिलो. आमच्या फोरमनने, कल्याणने, विचारलं, "काय वो, साप दिसला का काय?"

तू लिहिलेलं चांगलं होतं. 'मला मारणाऱ्याला मी ओळखत नव्हतो, त्यानेही मला ओळखलं नाही.' हे तू लिहिलंस की अमृत कधी असं काही म्हणायचा?

आईचं म्हणशील, तर तिने साळूबाईचा फोन जवळजवळ ताब्यातच घेतलाय. दिवसातून दहा वेळा लावते. इंग्रजी कळत नाही, शेवटच्या मराठीसाठी थांबते. आणि एक गोष्ट सांगू की नको असं झालंय. परवा सकाळी मी अंगणातून विचारलं, "आई, बादली कुठंय?" आतून उत्तर आलं, "अमृता, न्हाणीत बघ." मी पुन्हा हाक मारली. ती पुन्हा म्हणाली, "न्हाणीत रं, अमृता." वय झालंय तिचं, दुसरं काय.

गोरक्षनाथ


७ सप्टेंबर २०२५

चि. दिपाली,

तुझा मेसेज वाचून मी जेवलो नाही.

तू म्हणतेस, मराठीत फक्त 'आई, जिवाला जप' एवढंच लिहून दिलं होतं. त्यापुढचं 'दादा, फोन उचल ना' तू लिहिलेलं नाही. कोर्टात तुला वाटलं की व्हिडिओवाल्याने आपल्या मनाने घातलं. तो म्हणतो की ते वाक्य यंत्राने बनवलेलं नाही, चौदाव्या फाइलीतून जसंच्या तसं आलंय. ते तिथं कसं आलं हे त्यालाही सांगता येईना. आणि आता तू मला विचारतेस, हे कधीचं रेकॉर्डिंग?

मी चौदावं काढून ऐकलं. स्टोअरचं दार लावून, कॉम्प्रेसर बंद असताना. 'साळूबाईला नमस्कार सांग' इथं बोलणं संपतं. मग नऊ-दहा सेकंद काहीच नाही. मग 'दादा, फोन उचल ना.' हळू, जरा कंटाळल्यासारखं. आणि त्याच्या मागे टिक, टिक, टिक. गाडीचा इंडिकेटर चालू राहावा तसं.

२०२० सालचं असेल ते. तेव्हा तो गाडीतून बोलायचा कधीकधी.

अक्षर बिघडलंय. बाकी नंतर लिहितो.

गो.


१२ ऑक्टोबर २०२५

चि. दिपाली,

अपिलाचं समजलं. आरोपीचा वकील म्हणतो की जजने तीन वर्षं वाढवली ती एका यंत्राचं बोलणं ऐकून, आणि यंत्राला कोणी उलट प्रश्न विचारू शकत नाही. तुझी वकीलबाई म्हणते, शिक्षेच्या वेळी नातेवाइकांनी कसंही म्हणणं मांडावं, कायदा आडवा येत नाही. फक्त त्याच्या मुळाशी खरा माणूस पाहिजे. म्हणून वरच्या कोर्टाने मूळ रेकॉर्डिंग मागवलीत, आणि ती पाठवणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र. 'सदर आवाज मयत अमृत यांचाच आहे.' एक ओळ आणि सही. ती आली की पंधरा वर्षं टिकतात, असं ती म्हणते. न आली तर शिक्षेचा निकाल रद्द होऊन सगळं पुन्हा, आणि तुला पुन्हा त्याच हॉलमध्ये त्या माणसासमोर बसावं लागेल.

मी पारनेरला काकासाहेब वकिलांकडे गेलो होतो. त्यांनी टाइप करून तयारच ठेवलं होतं. "गोरखभाऊ, एवढंसं काम हाय. सही करा न् मोकळे व्हा." मी म्हणालो, चष्मा विसरलो. चष्मा खिशात होता.

दिवाळीनंतर करतो. तिकडे मुदत आहे ना नोव्हेंबरच्या दहा तारखेपर्यंत?

इकडे एक वेगळंच झालंय. अमृतचा व्हिडिओ गावात सगळ्यांच्या मोबाईलवर गेलाय. मागच्या आठवड्यात शेजारच्या गावात दहावा होता. मी माईक हातात घेतला, 'उपस्थित शोकाकुल बंधू-भगिनींनो' एवढंच म्हणालो, आणि समोरची माणसं सरळ झाली. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने म्हणाली, "अगं बया, ह्यो तर त्यो कोर्टातला." मी माईक शेजारच्याच्या हातात दिला. तेव्हापासून मला कोणी बोलावलेलं नाही.

घरीही मी फारसं बोलत नाही. बोललो की आतून आई 'अमृता' म्हणते.

गोरक्षनाथ


२ नोव्हेंबर २०२५

दिपाली,

तो आवाज माझा आहे.

हे मला जूनमध्ये लिहायला हवं होतं. जुना फोन दुरुस्तीला नव्हता. २०२१ साली त्याच्याशी भांडलो त्याच दिवशी मी त्याचे सगळे मेसेज पुसले. एकही ठेवला नाही. रागात माणूस किती कामसू होतो बघ, तासभर बसून एकेक पुसला. तू मागितलेस तेव्हा 'नाहीत' म्हणायची लाज वाटली. आम्हा दोघांचा आवाज फोनवर सारखा, हे तुला सांगायला नको. लग्न ठरल्यावर तू एकदा मला अमृत समजून पाच मिनिटं बोललीस आणि नंतर आठवडाभर लाजलीस. सुट्टीच्या दिवशी स्टोअरमध्ये बसून मी त्याच्यासारखा बोललो. बावीस वेळा. पहिली दोन-तीन नाटकी झाली, मग जमलं. मग इतकं जमलं की थांबावंसं वाटेना. दहाव्याला बोलतो तसंच हे, अशी मी समजूत घातली. तिथं मयताच्या वतीने बोलतो, तेव्हा सगळ्यांना माहीत असतं की बोलणारा गोरख आहे. इथं माहीत नव्हतं. एवढा फरक मला कळायला हवा होता. दहावीला इंग्रजीत छत्तीस मार्क मिळवलेला माणूस अमेरिकेच्या कोर्टात साडेचार मिनिटं इंग्रजी बोलला, तेही मेलेला होऊन. मी तुझा फोन उचलत नव्हतो तो रेंजमुळे नव्हे. रेंज पूर्ण असते मळ्यात. माझा आवाज ऐकून तू ओळखशील, याची भीती होती.

अजून एक आहे, आणि ते जास्त वाईट आहे. अमृत मला फोन लावत होता.

तुमच्याकडे संध्याकाळ, आमच्याकडे सकाळचे आठ. मी एका दहाव्याला माईकवर उभा होतो. खिशात फोन थरथरला, काढून बघितला तर त्याचं नाव. अडीच वर्षांनी. मी परत खिशात ठेवला. पुन्हा आला, पुन्हा ठेवला. तिसऱ्यांदा तर काढलाच नाही. मला वाटलं, झुरू दे जरा. तो तिकडे त्या जागेत गाडी लावून माझी वाट बघत बसला, आणि मागे तो माणूस हॉर्न वाजवत राहिला. काय बोलायचं होतं त्याला, मला माहीत नाही. तू जूनमध्ये सरळ विचारलंस आणि मी 'ऑफिसातलं कोणी असेल' म्हणालो. दिपाली, मला माफ कर असं म्हणायची माझी लायकी नाही. पण म्हणतो.

त्याच्या दहाव्याला कावळा आला नाही, हे तुला कोणी कळवलं नसेल. लोक माझ्याकडे बघत राहिले. काय बोलायचं ते मला ठाऊक होतं, 'अमृता, तुझा फोन मी बघितला होता', आणि तेवढंच बोललो नाही. ऊन डोक्यावर आलं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला.

काल आईला सगळं सांगितलं. तिच्या पायाशी बसून सांगितलं. ती शेंगा फोडत होती, तिने फोडणं थांबवलं नाही.

"मला पयल्या दिशीच कळलं हुतं," ती म्हणाली. "अमृत बोलायच्या आधी हुं करतो. तान्हा हुता तवापसनं. तू न्हाई करत."

मी म्हणालो, मग रोज दहादा ऐकत का होतीस?

"चार वरीस तू त्याचं नाव घेतलं न्हाई. त्यात त्याच्यावानी ग्वाड बोलत हुतास. लई बरं वाटायचं. आन् तुला अमृता म्हनत हुते ते काय भरमिष्ट झाले म्हनून न्हाई. म्हनलं, कवातरी म्हनशील, आये, मी गोरख हाय."

मला रडू आवरेना. तिने पदराने माझं तोंड पुसलं, आणि मग म्हणाली, "पन शेवटचं तेवढं तुझं न्हाई."

"कुठलं?"

"फोन उचल म्हनतो त्ये. त्ये त्याचं हाय. हुं केलंय की आधी."

मी फोन कानाला लावून ऐकलं. चार वेळा. नऊ-दहा सेकंद शांतता, टिक टिक, आणि वाक्याच्या अगदी आधी, श्वासाएवढं, हुं. आहे, दिपाली. मी ते वाक्य बोललो असेन आणि विसरलो असेन, असं मी दोन महिने स्वतःला सांगत होतो. मनात तेच घोळत होतं, तेव्हा तोंडातून गेलं असेल. पण स्टोअरमध्ये गाडी नाही. आणि हुं मी करत नाही.

आज रविवार, तरी काकासाहेबांना घरून उठवून आणलं. जुनं प्रतिज्ञापत्र फाडलं, नवं केलं. त्यात लिहिलंय की बावीसच्या बावीस रेकॉर्डिंग माझ्या आवाजात, नागापूरला, याच वर्षी केलेली आहेत, आणि हे दिपाली यांना माहीत नव्हतं. लिहिलंय की १८ जानेवारी २०२४ ला आमच्या सकाळी आठ ते आठ-वीसच्या दरम्यान मयताने मला तीन फोन केले, मी उचलले नाहीत. आणि शेवटी लिहिलंय की चौदाव्या फाइलीतलं शेवटचं वाक्य मी उच्चारल्याचं मला आठवत नाही, ते कोणाच्या आवाजात आहे याबद्दल मी शपथेवर काही सांगू शकत नाही.

काकासाहेब म्हणाले, "ह्ये शेवटचं काढा वो. कोर्ट हसंल."

मी म्हणालो, खोटं एकदा लिहून झालंय, आता राहू द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि शिक्का मारला.

कागद आणि त्याचं इंग्रजी भाषांतर सोबत पाठवतोय, मूळ प्रत उद्या पोस्टाने. याने शिक्षा कमी होऊ शकते. तो माणूस तीन वर्षं आधी सुटू शकतो, आणि तुला परत त्याच्यासमोर जावं लागेल, तेही माझ्यामुळे. कोर्टाने मला काही विचारायचं ठरवलं तर मी व्हिडिओवर येईन, तिकडे या म्हणाले तर येईन. तू मला आयुष्यात पुन्हा तोंड दाखवू नको म्हणालीस, तर तेही मान्य आहे.

पण आधी एकदा बोलायचंय. उद्या आमच्या सकाळी आठला मी तुला फोन करणार आहे. आवाज ऐकून दचकू नकोस. पहिल्यांदा मी माझं नाव सांगेन. नाव ऐकल्यावर फोन ठेवावासा वाटला तर खुशाल ठेव. पण नावाच्या आधी हुं ऐकू आलं, तर ठेवू नकोस. मी गप्प बसेन.

गोरख